सोबत सून

पहिल्या दिवशी मी लिहिलं:
‘यूजर नाव टाकतो. सिस्टीम नोंद दाखवते.’
धारणकर मॅडमनी कागद उजेडाकडे धरला,
नोट खरी की खोटी बघावी तसा,
आणि विचारलं, यूजर म्हणजे कोण गं?
कुठून आलाय? जेवून आलाय का?

कॉलेज रोडच्या त्या वर्गात आम्ही अकराजण हसलो.
त्या हसल्या नाहीत.

माझ्याकडे स्कॅन होऊन पडल्या होत्या
पंचवटीतल्या उपाध्यायांच्या बेचाळीस वह्या,
लाल कापडात बांधलेल्या, अरुंद, लांबलचक,
निम्म्या मोडीत, काही पानं पुराच्या गाळानं चिकटलेली.
सहा महिने एकेक पान मी काचेखाली घातलं.
अक्षर लागत होतं मला.
माणसं कशाला येतात, ते लागत नव्हतं.

म्हणून मॅडमनी धाडलं गंगेवर,
भानूकाकांच्या ओट्यावर, आठ दिवस.
लिहायचं नाही, म्हणाल्या. नुसतं बस.

तिसऱ्या दिवशी निमाणीला उतरून
कौतिकबाई आली, देवळ्याकडची,
पन्नाशी उलटलेली, पायात मुलाचे बूट.
आईचं नाव बघायचंय, म्हणाली. असंल का?

मी टॅब पुढं केला. भिवराबाई.
शून्य निकाल.
भिवरा. भीवरा दीर्घ.
शून्य, शून्य.
ती पडद्याकडे बघत राहिली,
दुकानाच्या कुलपाकडे बघतात तशी.

काकांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.
नाव विचारलंच नाही.
माहेर कुठलं? लोहोणेर.
शेवाळे? कोणते शेवाळे, वेशीतले की मळ्यातले?
कुणाचं करायला आले होते?
आजाचं, ती म्हणाली. दुष्काळाच्या साली.
मी कडेवर होते म्हणं.

एकोणिसावी वही.
पानावर फुंकर मारली काकांनी, बोट ओलं न करता.
‘मयत तात्याबा. पुत्र दगडू खडीच्या कामावर,
हजर नाही. हजर पुतण्या, सोबत सून.’
सून. पुढं नाव नाही,
जांभळ्या शाईचा एक अंगठा.

कौतिकबाईला वाचता येत नव्हतं.
तिनं कुणाला काही विचारलं नाही.
आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला,
बांगडी मापून बघावी तसा,
आणि म्हणाली, ‘ल्हान होती की.’

ते पान मीच स्कॅन केलेलं.
वर्णनाच्या रकान्यात मीच टाइप केलेलं:
‘उजवीकडे शाईचा डाग. मजकुराला बाधा नाही.’

रात्री पुन्हा लिहायला बसले.
यूजर खोडलं. कौतिकबाई लिहिलं.
साडेचारची एसटी गाठायची आहे, वाचता येत नाही,
आईचं नाव तिला ठाऊक, वहीला ठाऊक नाही.
तिला काय हवंय, यापुढे आधी ‘माहिती’ लिहिलं,
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: अंगठा पडद्यावर खऱ्या मापात दिसावा,
मोठा नको, लहान नको.
सिस्टीमनं आधी गाव विचारावं,
मग कोणते शेवाळे, मग कुणाचं करायला,
आणि तरीही सापडलं नाही तर
नुसतं शून्य म्हणून मोकळं होऊ नये.
हा सापडलं नाहीचा भागच अडीच पानं झाला.
जिथं सगळं सुरळीत होतं, तो चार ओळींत संपला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं.
कुठं खूण नाही, काट नाही.
फक्त खाली, पेन्सिलीनं, बारीक:
‘मिळाली का तिला गाडी?’

ते मी बघितलंच नव्हतं.